पौषातलं मंगल कार्यालय

पौष लागला की मी कॅमेऱ्याची बॅग गच्चीवर नेऊन उलटी करते. लग्नसराईत तिच्यात काय काय साठलेलं असतं. सेफ्टी पिना, कुणाच्या तरी मुंडावळीचे मणी, पेढ्याचा वाळलेला चुरा, आणि अक्षता. अक्षता तर शिवणीच्या आत जाऊन बसतात, लेन्सच्या कापडात सापडतात. बॅग झटकली की कुंकवात रंगलेले तांदूळ फरशीवर पसरतात आणि त्यावर चिमण्या उतरतात.

पौषात लग्नं होत नाहीत. का होत नाहीत याची कारणं जो तो वेगळी सांगतो, पण होत नाहीत एवढं खरं. मग मार्गशीर्षभर धावपळ करणारी आमची सगळी फौज एकदम रिकामी होते. बँडवाले लाल कोट धुऊन वाळत घालतात. आचारी काहिली घासून पालथ्या घालतात. घोडीवाला घोडीच्या कपाळावरचा गोंडा सोडतो आणि तिला रंकाळ्यावर पोरांना फेऱ्या मारायला नेतो. मंगल कार्यालयांच्या फाटकांना कुलपं लागतात. गावाबाहेर मात्र उलटं. याच दिवसांत ऊसवाल्यांना उसंत नसते. ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, रस्ताभर पाचट उडत असतं, आणि सकाळच्या धुक्यात गुऱ्हाळांचा धूर मिसळला की कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत माझ्या खिडकीपर्यंत काकवीचा वास येतो. निदान मला तरी येतो.

हा वास आला की मला तो एक पौष आठवतो. त्याला आता काही वर्षं झाली.

मी लग्नांचे फोटो काढते. नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर नको असतो, म्हणून मला बोलावणी बरीच. नवरीचा चेहरा आरशात कसा बदलत जातो, बाप दाराआड उभा राहून नाक कसं पुसतो, हे मला तोंडपाठ आहे. माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही. माझं मन बायकांवर जडतं. हे एवढं सरळ वाक्य लिहायला मला चाळिशी गाठावी लागली. पेठेत माझ्याबद्दल ‘धंद्याच्या नादात राहून गेली’ असं बोललं जायचं, आणि ते मला सोयीचं होतं. माझ्या लग्नाला मुहूर्त काढून देणारं पंचांग कुठं छापलंच जात नाही, हे मला कुणाला सांगावं लागलं नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात राधानगरीकडची एक आई आपल्या मुलीला घेऊन आमच्या स्टुडिओत आली. स्टुडिओ माझ्या वडिलांचा, अण्णांचा. एक खोली, एक स्टूल, मागं निळा पडदा. पासपोर्टचे फोटो अण्णा काढतात, बाकीचं मी. मुलीचं नाव प्रज्ञा. गावच्या दूध संकलन केंद्रावर कामाला होती. स्थळं बघायची होती, त्यासाठी फोटो हवा होता. आईनं तिला मोरपंखी साडी नेसवली होती, केसांत अबोलीचा गजरा माळला होता. ‘जरा झ्याक काढा,’ असं मला दोनदा सांगून आई शेजारच्या दुकानात बांगड्या बघायला गेली.

प्रज्ञा स्टुलावर बसली. मी दिवा फिरवला, हनुवटी थोडी वर घ्यायला सांगितलं. ती कॅमेऱ्याकडं बघेना. मग दाराकडं एक नजर टाकून हलकेच म्हणाली, “ताई, फोटो वाईट काढा.”

मी कॅमेरा खाली घेतला. कारण विचारलं नाही. असं काही मागायची हिंमत मला तिच्या वयात झाली असती, तर मीही हेच मागितलं असतं. मी तिला म्हटलं, “वाईट काढाय येत न्हाय मला. पण तू का म्हणालीस ते कळतंय.”

“काय कळतंय?”

“तू जे बोलली न्हाईस ते.”

तेव्हा तिनं पहिल्यांदा लेन्समध्ये पाहिलं. भीती होती, राग होता, आणि त्यामागं काहीतरी उघडल्यासारखं होतं. माझ्या बोटानं आपोआप बटण दाबलं. आई परत आल्यावर मी आणखी चारदोन फोटो काढले, साडी दिसेल असे, आणि त्यातला एक त्यांना दिला. तो पहिला फोटो प्रज्ञानं माझ्याकडंच ठेवायला सांगितला. जाताना माझा नंबर घेतला. नंतर फोनवर हळूहळू कळलं, की तिचं मन शेजारच्या गावातल्या एका मुलीत गुंतलं होतं. त्या मुलीचं नाव मी इथं लिहिणार नाही. तिची तशी इच्छा होती आणि आजही आहे.

तो फोटो मी संगणकावर पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले. आमच्यासारख्यांचे फोटो मी वर्तमानपत्रांत पाहिले होते. त्यांत चेहरे नसायचे. पाठमोरी माणसं, एकमेकांत गुंफलेले हात, खिडकीतली सावली. लपायची गरज खरी असते, ते मी नाकारत नाही. पण सगळ्याच फोटोंत पाठच दिसू लागली की बघणाऱ्याला वाटतं, ह्यांना तोंडच नाही. आणि अण्णांच्या स्टुडिओत तर मी लहानपणापासून एकच नियम ऐकत आले होते. समोर बघा, मान सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत. गावातला चोर असो की तलाठी, अण्णांच्या स्टुलावर सगळे सारखेच बसायचे. मग आम्हीच का म्हणून पाठमोरं व्हायचं?

हे मी इर्शादला बोलून दाखवलं. इर्शाद नवरीचे ब्लाऊज शिवतो. आमची ओळख कैक लग्नांतली. ऐनवेळी तंग झालेला ब्लाऊज उसवायला तो येतो, तेव्हा मी तिथं असतेच. तो कुणावर जीव लावतो हे त्यानं मला फार पूर्वी सांगितलं होतं, एका कार्यालयाच्या मागच्या बाजूला, पत्रावळ्यांच्या ढिगाशेजारी चहा पिताना. मी त्याला म्हटलं, तुझा फोटो काढायचाय, पण तुझी इच्छा असेल तर चेहरा नको दाखवू, मागून काढू. तो हातातली कात्री ठेवून माझ्याकडं बघत राहिला.

“पाठ दाखवून फोटो काढाय मी काय ब्लाऊजचा गळा हाय व्हय?”

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मग त्यानं पुन्हा कात्री उचलली. त्याची म्हातारी अम्मी त्याच्याकडंच असते, बहिणीच्या सासरी लोक काय म्हणतील हाही प्रश्न होताच. पुढचे काही दिवस तो त्याबद्दल बोलला नाही. एक दिवस दुपारी फोन आला, ये म्हणाला. दुकानात गेले तर त्यानं पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता. भोवती हँगरवर लाल, हिरवे, राणी रंगाचे ब्लाऊज, दुसऱ्यांच्या लग्नांचे. त्यांच्यामध्ये तो खुर्चीवर सरळ बसला. गळ्यातली मोजपट्टी काढू का, म्हणून त्यानं विचारलं. मी राहू दे म्हटलं.

शेवंताक्कांकडं मला इर्शादनंच नेलं. त्या नृसिंहवाडीच्या अलीकडं एका खेड्यात राहतात. जन्मल्या मुलगा म्हणून, पण लहानपणीच त्यांना आपण कोण हे कळलं, आणि घरच्यांनी देवीला सोडलं. तेव्हापासून त्या जोगतीण. देवीची मूर्ती ठेवलेली टोपली डोक्यावर घेऊन त्या गावोगाव फिरल्या, जोगवा मागितला, गाणी म्हटली. आता गुडघे दुखतात म्हणून फिरणं कमी. त्या बाजूला बोलण्यात कानडी मिसळते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी तंगी म्हणून हाक मारली. तंगी म्हणजे धाकटी बहीण.

मी कॅमेरा काढल्यावर त्यांनी सवयीनं टोपलीकडं हात नेला. मग थांबल्या. “तंगी, समदे फोटोवाले येत्यात, देवीसकट काढत्यात. भंडारा उधळ म्हणत्यात. देवी खाली ठेवल्यावर मी कशी दिसती, त्ये कुणी बघितलंय? त्ये काढ.”

मग मी ते काढलं. चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या, चष्मा नाकावर घसरलेल्या, कपाळावर पीठ लागलेल्या शेवंताक्का. मी बटण दाबत असताना त्या मला दरडावत होत्या की भाकरी करपेल, लवकर आटप. त्या फोटोत त्या जगातल्या कुठल्याही चिडलेल्या थोरल्या बहिणीसारख्या दिसतात.

बोलता बोलता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्यामुंबईचे पाहुणे हसतात, पण आमच्या आया, आत्या, मैत्रिणी सगळ्या असंच बोलत आल्यात. प्रज्ञाही तसंच बोलते, घरात मीही. मला वाटायचं, व्याकरणानं बाई आणि पुरुष यांच्यामध्ये घातलेला बांध आमच्या बोलीनं कधीच फोडून टाकलाय, आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. हे मी मोठ्या कौतुकानं शेवंताक्कांना सांगितलं. त्यांनी भाकरी उलटली. म्हणाल्या, “तुमी म्हणा खुशाल. मी न्हाय म्हणायची. माझं ‘येती’ आन् ‘जाती’ मी लई मार खाऊन मिळवलंय.” माझं कौतुक तिथंच थांबलं. एकाच शब्दातून एकीला सुटायचं असतं आणि दुसरीला त्यातच राहायचं असतं. दोघींचंही खरं असतं, हे मला त्या चुलीपुढं समजलं.

पौष लागला तोवर माझ्याकडं बरेच फोटो जमले होते. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. एक निवृत्त शिक्षक आले, कॉलेजातली पोरं आली, एक जोडपं आलं जे वीस-पंचवीस वर्षं ‘मावसभाऊ’ म्हणून एका घरात राहत होतं. काही जण बसले आणि फोटो न काढताच उठून गेले. त्यांना मी चहा पाजून सोडायला दारापर्यंत गेले. मात्र जे राहिले त्या सगळ्यांनी समोर बघितलं.

प्रदर्शन करायचं ठरलं. शहरातला एक हॉल आम्ही बोलून ठेवला होता. फोटो बघितल्यावर तिथल्या माणसांनी गोड शब्दांत नकार दिला. इथं फॅमिली येतात, म्हणाले. इर्शाद बाहेर पडल्यावर म्हणाला, आपण काय आभाळातनं पडलोय काय, आपली फॅमिली न्हाय व्हय? मग रस्त्याकडेला उभं राहून त्यानंच तोड काढली. पौष आहे, सगळी मंगल कार्यालयं ओस पडलीत. भिंतीच भिंती रिकाम्या.

सरोजकाकींचं कार्यालय शहराच्या कडेला आहे. काकी नवरा गेल्यापासून एकट्यानं ते चालवतात. व्यवहाराला चोख, बोलायला फटकळ. मी त्यांच्यापुढं फोटो मांडले आणि काही न लपवता सगळं सांगितलं, माझ्यासकट. त्यांनी एकेक फोटो उचलून लांब धरून बघितला. मग विचारलं, उघडंवाघडं काही आहे का. मी नाही म्हटलं. कुठल्या पक्षाचं आहे का. तेही नाही म्हटलं.

“मग माणसंच हाईत की,” त्या म्हणाल्या, आणि किल्ल्या काढल्या. वर हेही सुनावलं, की पौषात हॉल बंद राहिला की उंदरं होतात, चार माणसं वावरलेली बरी. झाडून-पुसून मात्र लग्नाला देतात तसा परत द्यायचा.

बातमी पसरायला कोल्हापुरात वेळ लागत नाही. एक दिवस दुपारी पेठेतली दोन-तीन माणसं स्टुडिओच्या दारात येऊन उभी राहिली. मी आत फोटोंना फ्रेम लावत होते. अण्णा स्टुलाशेजारी पेपर वाचत होते. त्या माणसांनी अण्णांना समजावायला सुरुवात केली. तुमचं पेठेत नाव आहे, एवढी वर्षं इज्जतीनं धंदा केलात, आता पोरीनं हे काय मांडलंय, तिला आवरा, उद्या काही झालं तर आम्हाला सांगू नका. मी आत हातातला स्क्रू तसाच धरून उभी होते. अण्णांशी मी या विषयावर कधी एक शब्द बोलले नव्हते. सत्तरी ओलांडलेला माणूस. मला वाटलं, आता आत येतील आणि फ्रेमा उचलायला सांगतील.

अण्णांनी पेपराची घडी केली. “पावणं, फोटो काढायचाय का?”

ते म्हणाले, नाही.

“मग दारातनं जरा बाजूला सरा. उजेड अडतोय.”

ते काहीतरी पुटपुटत गेले. अण्णा आत आले, फ्रेमा एकेक करून बघितल्या. शेवंताक्कांच्या फोटोपाशी थांबून म्हणाले, पिठावर फोकस बरा सापडलाय. मग त्यांनी निळा पडदा सरळ केला, दिवा लावला आणि मला बसायला सांगितलं. मी बसले. त्यांनी त्यांचा जुना कॅमेरा डोळ्याला लावला.

“ह्यो बी त्या भिंतीवर लावायचाय न्हवं?”

“व्हय, अण्णा.”

“मग हसू नकोस. नुसती बघ.”

मी बघितलं. डोळे भरले होते, पण मान सरळ होती. अण्णांनी एकच फोटो काढला. त्यांना दुसरा कधी लागत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी प्रज्ञाला फोन केला. पौष संपला की तिला बघायला पाहुणे येणार होते, सगळं जवळजवळ ठरल्यात जमा होतं. मी तिला सांगितलं, तू हो म्हणाली होतीस तरी अजून वेळ आहे, तुझा फोटो मी बाजूला ठेवते, कुणी तुला दोष देणार नाही. मागं दुधाच्या कॅनचा आवाज येत होता. “लावू नका,” ती म्हणाली. मी बरं म्हटलं. तर ती पुढं म्हणाली, “तुमी नका. मीच येऊन लावतो.”

ती एसटीनं आली. साध्या पंजाबी ड्रेसवर, कामावरच्या चपलांत. स्टुलावर चढून तिनं आपल्या हातानं फोटो भिंतीवर अडकवला.

त्या हॉलमध्ये लग्नात जिथं रुखवत मांडतात, तिथं टेबलांवर आणि वरच्या भिंतीवर आमचे फोटो होते. सरोजकाकींनी खुर्च्या लग्नासारख्या रांगेत लावून घेतल्या होत्या, का ते विचारायची कुणाची टाप नव्हती. संक्रांतीचे दिवस होते. शेवंताक्का वाडीकडच्या दोघीतिघींना घेऊन आल्या आणि तिळगुळाचा डबा धरून दारातच बसल्या. येईल त्याच्या हातावर तिळगूळ ठेवायच्या. लोक येत गेले. बँडवाले आले, आचाऱ्यांच्या बायका आल्या, मी ज्यांच्या लग्नाचे फोटो काढले होते त्या दोन मुली आपली पोरं कडेवर घेऊन आल्या. इर्शादची अम्मी रिक्षातून आली, त्याच्या फोटोपुढं उभी राहून शर्टाच्या इस्त्रीची तारीफ केली आणि मग बराच वेळ तिथून हलली नाही. काही तरुण पोरं हसायलाच आली होती. शेवंताक्कांनी त्यांनाही तिळगूळ दिला आणि निदान खाऊन होईपर्यंत तरी गोड बोला म्हणाल्या. तोंडात लाडू असताना हसता येत नाही. ती पोरं गप्प उभी राहून फोटो बघू लागली, आणि बघता बघता खरंच बघू लागली.

दुपारनंतर प्रज्ञाची आई आली. गावातल्या कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला होता. ती तरातरा आत शिरली, मला बघून थांबली. तिच्या पोरीला मी नादाला लावलं, विश्वासानं फोटो काढायला आणली होती, असं ती सगळ्यांसमोर बोलली. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी तिला एवढंच दिसत होतं, की आपलं पोर एका भिंतीवर टांगलंय आणि गाव त्याच्याकडं बघतंय. तिनं मला फोटो उतरवायला सांगितलं. मी उत्तर द्यायच्या आत प्रज्ञा पुढं आली.

“आई, म्या लावलाय त्यो. मला ह्या फोटोत लाज वाटत न्हाय. तुला वाटत असंल तर तू काढ.”

आई भिंतीपाशी गेली. हात वर केला. फोटोतली प्रज्ञा आणि ती यांच्यामध्ये वीतभर अंतर असेल. मोरपंखी साडी, अबोलीचा गजरा, आणि ती नजर. ती नजर तिनं घरात कधी पाहिली नसावी, किंवा पाहून न पाहिल्यासारखी केली असावी. मला माहीत नाही. तिचा हात खाली आला. ती मागं वळली आणि रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर बसली. सरोजकाकींनी तिच्या हातात चहाचा कप दिला आणि शेजारी बसल्या. खुर्च्या कशासाठी मांडल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. उभ्यानं सोसवत नाहीत अशा गोष्टी असतात.

ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. फोटोकडं परत बघितलं नाही, पण उठूनही गेली नाही. शेवटी प्रज्ञाला म्हणाली, राधानगरीची गाडी चुकेल, चल. दोघी बरोबर गेल्या. फाटकापाशी आईनं तिच्या हातातली पिशवी ओढून आपल्या हातात घेतली.

सगळं एका दिवसात गोड झालं असं मी सांगणार नाही. प्रज्ञाच्या घरात पुढं कित्येक महिने अबोला होता. ती दूध केंद्रावर जात राहिली, पाठीमागं बोलणाऱ्यांच्या दुधाची फॅट मोजत राहिली. पण बघायला येणारे पाहुणे आले नाहीत. त्यांना निरोप आईनंच धाडला होता, पोरीची इच्छा नाही म्हणून. तिची आई माझ्याशी आजही बोलत नाही. प्रज्ञाबरोबर मात्र ती बोलते, आणि मला तेवढं पुरतं.

माघात मुहूर्त सुरू झाले तेव्हा माझी काही कामं गेली. दुसरा फोटोग्राफर बघितलाय, असे निरोप आले. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आत्यानं मला नवरीच्या खोलीतून बाहेर जायला सांगितलं. नवरीनं माझा हात धरला आणि आत्याला सांगितलं की मग मीही बाहेर येते. ते लग्न मी काढलं. नंतरची बरीच काढली, काही गेली ती गेलीच. स्टुडिओच्या काचेवर एकदा रात्रीतून कुणी शाई फेकली. अण्णांनी सकाळी ती रॉकेलनं पुसली आणि आठ वाजता नेहमीसारखं दार उघडलं. अशा वेळी मोठं काही करायचं नसतं. दार रोजच्या वेळेला उघडायचं असतं.

आणि माणसं येऊ लागली. पासपोर्टचा फोटो काढायला म्हणून यायची, काढून झाला तरी स्टुलावरून उठायची नाहीत. मग म्हणायची, अजून एक काढा, दुसऱ्या कामासाठी. दुसरं काम कुठलं ते मी विचारत नाही. दर पौषात सरोजकाकींचं कार्यालय उघडतं, आणि भिंत पुरत नाही म्हणून गेल्या वर्षी त्यांनी जेवणाचा हॉलही उघडून दिला. ज्या महिन्याला लोक रिकामा म्हणतात, तो आमच्या वाट्याला आला, आणि आम्ही तो भरला. कुणाच्या मेहेरबानीची वाट बघितली असती तर अजून बघतच बसलो असतो.

यंदाचा पौष लागून आठवडा झालाय. काल दुपारी स्टुडिओसमोर एक रिकामा ट्रॅक्टर थांबला. कारखान्यावर ऊस घालून परत निघालेला. धोतर-टोपीतला पन्नाशीचा एक माणूस खाली उतरला, कपड्यांना पाचट चिकटलेलं. पाठोपाठ एक तरुण मुलगी उतरली. उंच, खांदे रुंद, दाढी घोटून केलेली, डोळ्यांत काजळ, अंगावर नवीकोरी साडी. नेसणं तिला अजून सवयीचं नव्हतं, निऱ्या एका हातानं धरून चालत होती. माणसानं दारातूनच विचारलं, ते फोटो काढतात ते इथंच काय. मी हो म्हटलं. त्यानं मुलीकडं बोट केलं आणि नाव सांगताना अडखळला. आधी एक नाव आलं, मग त्यानं मान हलवली आणि दुसरं सांगितलं. “ही रेखा.”

रेखा स्टुलावर बसली. मी निऱ्या नीट करून दिल्या, दिवा लावला. बाप पडद्याच्या कडेला उभा होता, हातांना उसाची चिकटाई, ते कुठं ठेवावेत हे कळत नव्हतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात त्यानं घसा साफ केला.

“ताई, मी बी संगं हुबा ऱ्हायलो तर चालंल काय?”

मी चौकट मोठी केली. त्यानं डोक्यावरची टोपी सरळ केली आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, मध्ये हातभर जागा सोडून. मी म्हटलं, “जवळ सरा.”

दोघंही सरले.